जुना ड्रेस: काळ ओळखा शिवणीवरून, जोडी जमवा आजच्या कपड्यांशी

ड्रेस कोणत्या काळातला हे ठरवताना नजर आधी त्याच्या आकारावर जाते आणि तिथेच फसगत होते. फॅशन फिरून फिरून येते. सत्तरच्या दशकात तीस-चाळीसच्या दशकांतल्या बाह्या पुन्हा आल्या. ऐंशीच्या दशकात चाळीसचे रुंद खांदे परतले आणि पन्नासचा घेरही. म्हणून आकारावरून फक्त अंदाज बांधायचा, निकाल लावायचा तो ड्रेस उलटा करून. शिवण, चेन, लेबल आणि कापड या चौघांची साक्ष जुळली तरच खात्री धरावी. जुळली नाही, तर ड्रेसमधली जी वस्तू सर्वांत उशिराची, तिच्याआधीचा तो ड्रेस असू शकत नाही. मागाहून बदललेली चेन किंवा बटणं मात्र या हिशेबात धरायची नाहीत.

आकारावरून पहिला अंदाज

वीसच्या दशकातला ड्रेस सरळसोट असतो. कंबरेची रेघ नितंबांपर्यंत उतरलेली, छातीला टक (आकार देण्यासाठी शिवलेल्या चुण्या) जवळजवळ नाहीत. १९२६-२७च्या सुमारास लांबी गुडघ्यापर्यंत चढली आणि दशक संपता संपता पुन्हा खाली आली. तीसच्या दशकात कंबर जागेवर आली, ड्रेस लांब झाले आणि उरेब कापाची चलती झाली. पॅरिसच्या फॅशनकार मादलेन व्हियोने त्यासाठी प्रसिद्ध आहेत. उरेब ओळखणं सोपं आहे: कापडाचे धागे उभे-आडवे न दिसता तिरपे, ४५ अंशांत दिसतात आणि इलॅस्टिक नसतानाही ड्रेस खाली ओढला की ताणला जातो.

चाळीसच्या दशकात चौकोनी खांदे, गुडघ्यालगतची लांबी आणि बेताचा घेर. हा बेतशीरपणा सक्तीचा होता. ब्रिटनमध्ये जून १९४१मध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, अमेरिकेत १९४२च्या एल-८५ आदेशाने कापडाच्या वापरावर मर्यादा आल्या. मग १२ फेब्रुवारी १९४७ रोजी फॅशनकार क्रिस्तियान दिओर यांनी पॅरिसमध्ये जो संग्रह मांडला, तो 'न्यू लुक' म्हणून गाजला: उतरते खांदे, आवळलेली कंबर आणि मीटरच्या मीटर घेर. पन्नासच्या दशकात हा घेर चालला आणि त्याच्या जोडीला अंगाबरोबरचा, गुडघ्याकडे निमुळता होणारा ड्रेसही.

कंबर नसलेला ड्रेस म्हणजे साठचं दशक, असं धरून चालू नका. बालेन्सियागा आणि जिव्हाँशी यांचा सॅक ड्रेस १९५७चा आहे, इव्ह सें लोराँ यांनी दिओरसाठी केलेला ट्रॅपीझ (खांद्यापासून खाली रुंद होत जाणारा ड्रेस) १९५८चा. साठच्या दशकात सरळ शिफ्ट आणि मिनी सर्वत्र झाले. सत्तरमध्ये मॅक्सी, मोठ्या कॉलरी, हॉल्टर गळे, आणि १९७४मध्ये डायान फॉन फुर्स्टनबर्ग यांचा जर्सीचा रॅप ड्रेस.

आता ड्रेस उलटा करा

आधी चेन पाहा. वीसच्या दशकातल्या ड्रेसला बहुधा चेन नसते; तो डोक्यावरून घालायचा किंवा टिचबटणं आणि हुक लावायचे. तीसच्या दशकाच्या मध्यापासून ड्रेसना धातूची चेन येऊ लागली. ती बहुतेकदा डाव्या काखेखाली बाजूच्या शिवणीत असते, आखूड असते आणि दोन्ही टोकांना बंद असते. पन्नासच्या दशकात चेन पाठीवर सरकली, गळ्यापासून नितंबांपर्यंत लांब झाली. साठच्या दशकात नायलॉनची चेन आली आणि दशकाच्या उत्तरार्धात तिने धातूला मागे टाकलं. काखेखाली धातूची चेन असलेला ड्रेस साठच्या आधीचा असण्याची शक्यता दाट; पाठीवर नायलॉनची अदृश्य चेन असेल तर 'चाळीसचा अस्सल ड्रेस' हे विकणाऱ्याचं म्हणणं सोडून द्या.

चेन बदललेली आहे का, हे तिच्या कडेला कळतं. जुन्या टिपेची रिकामी भोकं नव्या टिपेशेजारी रांगेने दिसतात, दोऱ्याचा रंग इतर शिवणींपेक्षा वेगळा असतो आणि जुनी पट्टी जिथे होती तिथलं कापड कमी विटलेलं असतं.

मग शिवणीच्या कडा. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या तयार ड्रेसमध्ये त्या बहुधा पिंकिंग कात्रीने दातेरी कापलेल्या किंवा नुसत्याच सोडलेल्या असतात. सगळीकडे सलग ओव्हरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून कडेवर यंत्राने घातलेली गुंफण) असेल तर ड्रेस साठच्या दशकातला किंवा नंतरचा असण्याकडे कल ठेवा. ओव्हरलॉकचं यंत्र मात्र एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्यामुळे एखादी ओव्हरलॉक केलेली शिवण एवढ्यावर ड्रेस बाद करू नये. पन्नासच्या चांगल्या ड्रेसला खालच्या कडेला पाच ते आठ सेंटिमीटरची रुंद दुमड, शिवणीत सोडलेली भरपूर माया (शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड) आणि कंबरेला आतून टाचलेली घट्ट फीत सापडते. युद्धकाळातल्या ड्रेसची दुमड अरुंद असते.

खांद्यांचे पॅड हे फरक सांगणारं उत्तम ठिकाण. चाळीसच्या दशकातले पॅड कापसाचे किंवा नमद्याचे, बरेचदा ड्रेसच्याच कापडात गुंडाळून हाताने टाचलेले. ऐंशीच्या दशकातले फोमचे, अनेकदा वेल्क्रोने चिकटवायचे. जुना फोम पिवळा पडून बोटांत भुगा होतो.

लेबल असेल तर काम अर्धं झालं. ब्रिटिश ड्रेसवर 'सीसी ४१' हे चिन्ह असेल तर तो १९४१ ते १९५२ या काळातल्या युटिलिटी या काटकसरीच्या सरकारी कपडे-योजनेतला. अमेरिकेतल्या महिलांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या 'आयएलजीडब्ल्यूयू' या संघटनेच्या लेबलवर 'एएफएल-सीआयओ' (तिथला कामगार संघटनांचा महासंघ) असेल तर ते १९५५ नंतरचं, लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत असेल तर १९७४ नंतरचं. १९९५मध्ये ती संघटना दुसरीत विलीन झाली. अमेरिकेत कापडातल्या धाग्यांचं प्रमाण लिहिणं १९६०पासून बंधनकारक झालं, धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल १९७२पासून. लेबल नसणं हा मात्र कसलाच पुरावा नाही. टोचतं म्हणून लोक ते कापून टाकतात, आणि घरी शिवलेल्या ड्रेसला ते नसतंच.

कापड: एक-दोन धागे जाळून

आतल्या मायेतून दोन सेंटिमीटर लांबीचे दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या बशीवर पेटवा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरडणारी काळी गुठळी म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी उरला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट हे कृत्रिम कापड. अशा ड्रेसच्या जवळपास नेलपॉलिश रिमूव्हर नेऊ नका, ॲसिटोनने ते कापड विरघळतं. कागदाचा वास येऊनही कडक मणी उरला तर मिश्र कापड आहे. पॉलिएस्टर बाजारात रुळलं ते पन्नासच्या दशकात, लायक्रा या ताणणाऱ्या धाग्याचा शोध १९५८चा. म्हणजे 'तीसच्या दशकातला' ड्रेस पॉलिएस्टरचा निघाला की चर्चा तिथेच संपते.

नंबर विसरा, मापं घ्या

जुन्या लेबलवरचा १४ नंबर आजच्या ८च्या जवळ बसू शकतो, तेव्हा नंबर पाहून ड्रेस घेऊ नये. चेन लावून ड्रेस सपाट पसरा. एका काखेपासून दुसरीपर्यंत मोजून दुप्पट करा, मग कंबर आणि नितंब तसेच. न ताणणाऱ्या कापडाचा ड्रेस अंगाच्या मापापेक्षा छातीला पाच, कंबरेला अडीच आणि नितंबांना पाच-सात सेंटिमीटर मोठा हवा. उरेब ड्रेस सपाट ठेवल्यावर लहानच दिसतो, त्याला हा नियम लावू नका.

सर्वांत जास्त चुकतं ते खांद्यापासून कंबरेच्या शिवणीपर्यंतचं माप, कारण ते कोणी घेतच नाही. कंबरेची शिवण तुमच्या कंबरेच्या दोन सेंटिमीटर वर आली तर चाळीस-पन्नासचा ड्रेस दिवसभर वर चढत राहतो आणि पाठीवर चुण्या पडतात. घेर सैल करता येतो, ही लांबी वाढवता येत नाही. दंडाचा घेरही मोजा. जुन्या ड्रेसच्या मुंढ्या उंच आणि बाह्या अरुंद असतात.

घेण्याआधी उजेडात धरा

ड्रेस खिडकीसमोर धरला की विरलेली जागा, कसर लागल्याची भोकं आणि रफू लगेच दिसतात. काखा खास तपासा: घामाने तिथलं कापड कडक होतं आणि हलक्या ताणाने फसकतं. रेशमाला समांतर चिरा पडत असतील तर ते घेऊच नका. वजन वाढवण्यासाठी पूर्वी रेशमावर धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करत; असं रेशीम आपोआप फाटत जातं आणि त्यावर इलाज नाही.

धुण्यात सर्वाधिक ड्रेस जातात. तीस-चाळीसच्या दशकांतलं रेयॉनचं क्रेप पाण्यात पडताच आटतं. शिवाय रेयॉन ओलं असताना फार कमजोर असतं, पिळलं की गेलं. काही जुन्या टिकल्या जिलेटिनच्या असतात, त्या पाण्याने आणि इस्त्रीच्या उष्णतेने विरघळतात. सुती ड्रेस असला तरी आधी आतल्या बाजूला ओला पांढरा बोळा दाबून रंग जातो का ते पाहा. कसरीची शंका असेल तर ड्रेस हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवा, मगच कपाटात न्या. अडकणाऱ्या धातूच्या चेनीवर पेन्सिलीचं शिसं किंवा मेणबत्ती घासावी. तेल लावल्यास डाग कापडावर उतरतो.

जोडी जमवताना

केस, मेकअप, टोपी, हातमोजे, बूट सगळं एकाच दशकातलं केलं की पोशाखाचं सोंग होतं. ड्रेस जुना असेल तर बूट आणि पर्स आजची घ्या. दुसरी गोष्ट रंगाची. जुनं पांढरं कापड काळाने दुधी-पिवळसर झालेलं असतं. त्याच्याशेजारी नवं पांढरंशुभ्र जाकीट आलं की ड्रेस मळका वाटतो. तिथे क्रीम, तपकिरी किंवा नेव्ही घ्यावा.

पन्नासच्या घेरदार ड्रेसला आतून आधार लागतो, कारण कापच त्या हिशेबाने केलेला असतो. पेटीकोट नसला तर घेर पायांना चिकटून लटकतो. रोजच्या वापराला झालरीचा एक सुती पेटीकोट पुरतो. तो ड्रेसपेक्षा तीन सेंटिमीटर आखूड हवा. वर घालायचं स्वेटर किंवा जाकीट कंबरेवरच संपलं पाहिजे. लांब कार्डिगनने कंबर झाकली जाते आणि खालचा घेर नुसता फुगवटा दिसतो. स्वेटर-जाकिटाचा हा नियम चाळीसच्या ड्रेसलाही लागू, सोबत पाच-सहा सेंटिमीटरची जाड टाच.

या दोन्ही दशकांतल्या ड्रेसचा मूळ पट्टा बहुधा हरवलेला असतो. बाजूच्या शिवणींवर दोऱ्याच्या छोट्या कड्या किंवा कंबरेवर कमी विटलेली पट्टी दिसली की तो होता हे कळतं. कडी तीन सेंटिमीटर असेल तर अडीच सेंटिमीटरचा पट्टा घ्या. कापड हलकं असेल तर चामड्याचा पट्टा ते खाली ओढतो, तिथे जाड फीत बरी.

उरेब ड्रेसखाली सरळ कापाची स्लिप घातली तर ड्रेस जागोजागी अडकतो. स्लिपही उरेबच हवी, आणि अंतर्वस्त्रं बिनशिवणीची. त्याची लांबी बदलायची असेल तर आधी २४ तास टांगून ठेवा, कापड उतरू द्या, मग खूण करा. एरवी मात्र तो घडी घालूनच ठेवावा.

साठच्या शिफ्टवर पट्टा बांधू नका. त्याचे टक छातीपाशी संपतात आणि कंबर मोकळी असते. पट्टा आवळला की वर पिशवी तयार होते. गडद टाइट्स आणि सपाट किंवा घोट्यापर्यंतचे बूट पुरेसे आहेत. सत्तरच्या मॅक्सीत आधी बूट ठरवा, मग लांबी: पुढची कड जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर. पोटरीपर्यंतच्या ड्रेसची कड पोटरीच्या सर्वांत जाड भागावर येऊ देऊ नका, थोडी वर किंवा खाली घ्या.

ऐंशीच्या ड्रेसचे पॅड बरेच जण काढून टाकतात आणि मग खांदा दंडावर ओघळतो, कारण तो पॅड धरूनच कापलेला असतो. त्याऐवजी एक सेंटिमीटरचा पातळ पॅड टाचा.

मण्यांनी भरलेला वीसचा शिफॉन ड्रेस माझ्या मते घालायचा नसतोच. मण्यांचं सगळं वजन खांद्यांच्या शिवणींवर येतं आणि हात वर करताच त्या फाटतात. तो आडवा, टिश्यू कागदात ठेवावा आणि त्या धर्तीचा नवा शिवून घ्यावा. बाकी कुठल्याही ड्रेसमध्ये फेरफार करताना जास्तीचं कापड कापू नका, आत दुमडून लांब टाक्यांनी हाताने टाचा. उसवून मूळ मापावर परत आणता येतो.