संत्र्याचे दोन बहार एका चार्टवर मांडताना या चुका टाळा

नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा वर्षातून दोनदा जोरात येतो. आंबिया बहाराचा (बहार म्हणजे फुलोरा) माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिल. आवकेचे आकडे बहुतेकांकडे दोन वेगळ्या शीटमध्ये पडलेले असतात, आणि एक दिवस साहेब किंवा सर म्हणतात, "दोन्ही एकाच चार्टवर दाखवा." गडबड तिथून सुरू होते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी. आंबियाच्या तारखा आणि आवक दोन कॉलममध्ये, शेजारी मृगाच्या तारखा आणि आवक आणखी दोन कॉलममध्ये. सगळं सिलेक्ट करून लाइन चार्ट टाकला, सिरीज, म्हणजे चार्टमधल्या एकेक रेघेचे आकडे, नीट जोडल्या, आणि बघतो तर काय, मृगाची रेघही १ ऑक्टोबरपासूनच निघाली! फेब्रुवारीचा माल ऑक्टोबरात विकला गेला. डेटा बरोबर असतो, फॉर्म्युलाही कुठे चुकलेला नसतो. एक्सेलचा लाइन चार्ट आडव्या अक्षासाठी फक्त पहिल्या सिरीजच्या तारखा वाचतो. दुसऱ्या सिरीजला तुम्ही वेगळ्या तारखा दिल्या तरी त्या तो बाजूला ठेवतो आणि आकडे पहिल्यापासून एकेक करत त्याच खुंट्यांवर टांगतो.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे स्कॅटर चार्ट, रेघांनी जोडलेला. त्यात प्रत्येक सिरीज स्वतःच्या तारखा पाळते. फक्त एका गोष्टीला जपा: एखाद्या सिरीजच्या तारखांमध्ये एक जरी सेल मजकूर असला, तर एक्सेल त्या सिरीजच्या सगळ्या तारखा सोडून १, २, ३ असं मोजायला लागतं. दुसरा रस्ता म्हणजे एकच तारखेचा कॉलम ठेवायचा, त्यात ऑक्टोबर ते एप्रिल सगळे दिवस, आणि शेजारी आंबिया व मृग असे दोन कॉलम. ज्या दिवशी ज्या बहाराचा माल नाही तिथे सेल रिकामा. मला हाच बरा वाटतो. गूगल शीट्समध्ये तर तसंही सगळ्या सिरीजना आडव्या अक्षासाठी एकच कॉलम लागतो, त्यामुळे फाइल इकडून तिकडे नेली तरी चार्ट मोडत नाही.

आता खरा प्रश्न. तुम्हाला दोन बहार एकामागे एक दाखवायचे आहेत, की चार वर्षांचे हंगाम एकावर एक ठेवून बघायचे आहेत? बहुतेक वेळा दुसरं हवं असतं आणि केलं जातं पहिलं. मग चार वर्षांची एक लांबलचक रेघ येते, एकामागे एक उंचवटे दिसतात, पण यंदा आवक लवकर सुरू झाली की उशिरा, हे काही कळत नाही.

त्यासाठी खऱ्या तारखेशेजारी एक खोटी तारीख लागते. नव्या कॉलममध्ये डेट फंक्शन लिहा. महिना आणि दिवस मूळ तारखेतूनच उचला. वर्षाच्या जागी इफ लावा: महिना जून किंवा त्यापुढचा असेल तर १९९९, नसेल तर २०००. म्हणजे कुठल्याही हंगामाची तारीख जून १९९९ ते मे २००० या एकाच पट्ट्यात येऊन बसते. अक्षाच्या फॉरमॅटमधून वर्ष काढून टाका, नुसती महिन्यांची नावं ठेवा. हीच दोन वर्षं घ्यायचं कारण २००० लीप वर्ष होतं. २०००-२००१ घेतलीत तर २९ फेब्रुवारी २०२४ ची आवक गुपचूप १ मार्चवर सरकते आणि त्या दिवशी एकाच रेघेवर दोन बिंदू येतात.

ही विभागणी जानेवारीत नको, जूनमध्येच हवी. कॅलेंडर वर्षाने तोडलं की आंबियाचा माल एका वर्षात आणि त्याच हंगामातला मृगाचा माल पुढच्या वर्षात जातो. आणि इथेच नावाचा घोळ होतो: जून-जुलै २०२३ मध्ये फुटलेला मृग बहार विकला जातो २०२४ मध्ये. बागाईतदार त्याला २०२३ चा मृग म्हणतो, बाजाराच्या तक्त्यात तो २०२४ चा दिसतो. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांकडून आलेली माहिती आणि बाजारातली आवक एकाच शीटमध्ये आणणार असाल तर आधी हे एक ठरवून घ्या. नाहीतर चार्ट सुंदर येईल आणि तुलना भलत्याच वर्षाशी होईल.

हंगामाला २०२३-२४ असं नाव देणं ठीक आहे. पण जुना डेटा असेल तर सांभाळा: २०११-१२ टाइप केलं की एक्सेल त्याचा डिसेंबर २०११ करतं. नुसतं २०२३ लिहिलं तर आणखी वेगळी गंमत, ते शीर्षक न समजता आकडाच समजलं जाऊ शकतं आणि चार्टमध्ये दोन हजारांच्या वर एक फालतू बिंदू किंवा रेघ उगवते. "हंगाम २०२३-२४" असा शब्द पुढे लावा, विषय संपला.

तारखा मजकूर झाल्यात का, हे बघायला फार हुशारी लागत नाही. खऱ्या तारखा सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर १३/०२/२०२४ मजकूर राहतो, कारण तेरावा महिना नसतो. ०५/०३/२०२४ मात्र बिनतक्रार ३ मे होतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो उजवीकडेच चिकटलेला असतो. रीजन भारताची करा आणि मूळ फाइल पुन्हा आणा. चुकून ३ मे झालेल्या तारखा हाताने दुरुस्त करत बसू नका, त्यातल्या काही सुटणारच.

बाजार बंद असलेल्या दिवशी रेघ जमिनीला टेकत असेल तर त्या सेलमध्ये शून्य तरी आहे, नाहीतर फॉर्म्युल्याने दिलेली रिकामी अवतरण चिन्हं. दिसायला सेल कोरा, पण चार्ट त्याला शून्य मानतो. फॉर्म्युल्यात रिकाम्याच्या जागी एनए फंक्शन द्या, म्हणजे 'इथे आकडा नाही' अशी खूण. आणि काम झाल्यावर तो खोट्या तारखांचा कॉलम हाइड करू नका. एक्सेल लपवलेले कॉलम चार्टमधूनही काढतं. लपवायचाच असेल तर सिलेक्ट डेटामध्ये जाऊन लपवलेला डेटा दाखवण्याची खूण आधी करा.

दुय्यम अक्षाचा मोह आवरा. मृगाची आवक कमी आहे म्हणून तिला उजवीकडचा वेगळा अक्ष दिला की दोन्ही बहार सारख्याच तोलाचे दिसतात, आणि तेच तर खोटं आहे. वेगळा अक्ष एकक वेगळं असेल तरच, म्हणजे आवकेसोबत भाव किंवा पाऊस दाखवायचा असेल तेव्हा. भावाचंही बघून घ्या: व्यापारी टनाचा दर बोलतात, तक्त्यात क्विंटलचा असतो. दहापटीचा फरक चार्टवर एकदम भाववाढीसारखा दिसतो.

पाऊस जोडणार असाल तर हवामान खात्याच्या रोजच्या आकड्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, हे ध्यानात ठेवा. २२ तारखेच्या दुपारचा पाऊस २३ च्या नावावर लागतो. तपासायला नागपूरकरांकडे हक्काची तारीख आहे: २३ सप्टेंबर २०२३, ज्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. त्या हंगामाच्या रेघेवर माउस नेऊन बघा. पावसाचा सुळका २३ सप्टेंबरवर नसेल, तर बाकीच्या हंगामांच्या रेघा बघण्याआधी तारखांच्या कॉलमकडे परत जा.