हुशार पोराला ऑनलाइन गणित देताय? या चुका टाळा

यावल-रावेर पट्ट्यात पंधरा वर्षं गणित शिकवतोय. पूर्वी पालक विचारायचे, "सर, याचे पाढे कधी पाठ होतील?" आता मोबाईल पुढे धरतात. "सर, पाचवीत आहे, पण आठवीचं गणित संपवलं!"

असाच एका केळीवाल्या शेतकऱ्याकडे दिवाळीत गेलो होतो. आम्ही ओट्यावर, आजी शेंगा फोडत बसलेली. खान अकॅडमी या मोफत शिकवणाऱ्या ॲपवर पोराचे युनिटमागून युनिट पूर्ण. मी वहीत लिहिलं, 3/4 ÷ 1/8. पोरगं क्षणात म्हणालं, "सहा." म्हटलं, "सहा काय? यावर एक शाब्दिक उदाहरण तयार कर." बराच वेळ गप्प. मग हळूच, "सर, ऑप्शन कुठंय?"

मी आजीकडे वळलो. "आजी, पाऊण किलो तूप आहे. अदपावाच्या किती बरण्या भरतील?"

"सहा," आजी म्हणाली. शेंगा फोडणं काही थांबलं नाही.

पोरगं खरंच तल्लख आहे, त्यात शंका नाही. पण 'उलटा करून गुणा' एवढंच त्याच्या हाती लागलं होतं, आणि घरात इयत्ता मोजायची घाई. माझी सवय सांगतो: दोनशे पानी वही. प्रत्येक घटकावर तीन गणितं पोरानं स्वतः रचायची, पर्याय न देता सोडवायची, मला समजावून सांगायची. तोवर पुढचं युनिट बंद. आठवड्यात दोनच घटक झाले म्हणून पालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

कंटाळलाच तर वर पळवू नका, त्याच पातळीवरची अवघड गणितं द्या. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या संकेतस्थळावर अल्कुमस नावाचा गणितांचा ऑनलाइन सराव मोफत आहे. इंग्रजीत आहे, त्यामुळे सुरुवातीला शेजारी बसून अर्थ सांगावा लागतो. पुढे आठवीनंतर गणित ऑलिम्पियाड स्पर्धेची पहिली पायरी, म्हणजे आयओक्यूएम ही परीक्षा, द्यायची असेल तर तिथे तीन तासांत 30 प्रश्न असतात, आणि पर्याय एकालाही नाही. उत्तर 00 ते 99 मधली संख्या, ती स्वतः काढायची.

दुसरी चूक आईबापांची. खान अकॅडमीत हिंट घेतली की तो प्रश्न चुकलेला धरतात. मग काही वडील काय करतात? स्वतःच्या फोनवर वेगळं खातं उघडून तिथे हिंट बघतात आणि इकडे पोराला कुजबुजतात. डोळ्यांनी पाहिलंय! अहो, चुकलं तर चुकू द्या, तिथेच तर कळतं कुठे अडलंय. पातळी तपासायला कोर्स चॅलेंज आहे, 30 प्रश्नांचं. ते चालू असताना मोठ्यांनी खोलीबाहेर.

एकाच वेळी तीन ॲप नको. अमेरिकन अभ्यासक्रम निवडला असेल तर गॅलन, इंच, मिलियन येणारच. पोराला लाख-कोटीत लिहून घ्यायला सांगा.

शाळेत टॅब पाठवून "याला मागच्या बाकावर ॲप करू द्या" म्हणू नका. वर्गशिक्षकांना भेटा, वर्गाचं काम लवकर संपलं की करायला चार गणितांचा कागद दप्तरात ठेवू का विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. आणि मे महिन्यात जळगावचा पारा 45 ला टेकतो तेव्हा दुपारी चाचणी लावू नका. फोन तापतो, लाईट जाते, पोरगं वैतागतं. सकाळी सहाला बसवा, वीस मिनिटं पुरे.