वॉशिंग मशीनमधलं पाणी बाहेर जात नाहीये? आधी पाइप आणि बादली, मग मेकॅनिक

मशीन मधेच थांबलंय, कपडे पाण्यात पडलेत, दार उघडत नाहीये आणि स्क्रीनवर कसला तरी कोड येतोय, असं झालं की बहुतेक जण पंप गेला असं धरूनच चालतात. पंप जातो कधीकधी, नाही असं नाही, पण त्याच्या आधी तपासायच्या चार गोष्टी घरच्या घरी होतात आणि त्यातच बऱ्याचदा दोष सापडतो, त्यामुळे पार्ट बदलायला घाई करू नका. तो कोडसुद्धा (एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी किंवा ५ई, बॉशवर ई१८) फक्त एवढंच सांगतो की ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. का गेलं नाही ते आपल्यालाच शोधायचंय.

सगळ्यात आधी नीट बघा, ड्रममध्ये खरंच पाणी साठलंय की नुसतेच कपडे ओले चिंब आहेत. पाणी गेलंय पण कपडे पिळले गेले नाहीत तर तो निचऱ्याचा प्रॉब्लेमच नाही, एकच जड चादर एका बाजूला गोळा झाली किंवा टॉप लोडचं झाकण नीट बसलं नाही तरी मशीन स्पिन करत नाही. कपडे मोकळे करून, नीट पसरून परत स्पिन लावा.

पाणी साठलेलं असेल तर मशीन बंद करून प्लग काढा आणि मागचा आउटलेट पाइप बघा. मशीन भिंतीला सरकवताना तो चेपतो, पिळा पडतो, कधी मशीनच्याच पायाखाली येतो. पाइप मोकळा दिसतोय? मग त्याचं तोंड भिंतीतल्या पाइपातून किंवा मोरीतून बाहेर काढा, मागच्या क्लिपमधून पण सोडवा, आणि जमिनीवर बादली किंवा पसरट टब ठेवून त्यात खाली सोडा, मशीन बंदच राहू द्या. आता पाणी आपोआप जोरात वाहायला लागलं तर मशीनपासून पाइपाच्या टोकापर्यंतचा रस्ता मोकळा आहे, म्हणजे एकतर पंप ढकलत नाहीये किंवा पुढे घरातली ड्रेनेज लाइन तुंबलीये. पाणी आलंच नाही किंवा बारीक धार आली तर कचरा आतच आहे, फिल्टरमध्ये नाहीतर पाइपात. बादली भरत आली की पाइपाचं तोंड वर उचलून धरायचं, पाणी थांबतं. माझ्या मते हीच टेस्ट सगळ्यात कामाची, पाच मिनिटांत अर्धा गोंधळ मिटतो.

फ्रंट लोडमध्ये पुढे खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत पंपाचा फिल्टर. गरम पाण्याचा वॉश लावला असेल तर पाणी गार होऊ द्या, हात भाजतो. खाली जुना टॉवेल आणि बुटका ट्रे ठेवा, फिल्टरशेजारी बूच लावलेली छोटी नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा, नसेल तर फिल्टर उलट्या दिशेला थोडासाच फिरवा, पाणी ट्रेमध्ये येऊ द्या, ट्रे भरला की फिल्टर घट्ट करा, ट्रे रिकामा करा, परत तेच. हे कंटाळवाणं आहे पण एकदम उघडलात तर सगळं पाणी जमिनीवर येतं. पाणी संपलं की फिल्टर पूर्ण काढा, त्यात नाणी, पिना, बटणं, केस आणि धाग्यांचा काळा चिकट गोळा निघेल. एवढ्यावर थांबू नका, टॉर्च लावून आत बघा, पंपाचं छोटं पातं दिसतं, त्याला गुंडाळलेले केस आणि दोरे चिमट्याने काढा आणि ते काडीने हळूच फिरवून बघा. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं, आत चुंबक असल्यामुळे तसंच फिरायला पाहिजे, त्याला बिघाड समजू नका. पण अजिबात फिरत नसेल, किंवा ढिलं पडून डगमगत असेल तर पंप बदलावा लागेल. फिल्टर परत लावताना त्याची रबर रिंग पुसून घ्या, पूर्ण घट्ट बसवा, आणि मग ड्रममध्ये दोनेक लिटर पाणी ओतून नुसतं ड्रेन-स्पिन लावून गळतंय का बघा.

हे चालू असताना आवाज ऐका, फार उपयोग होतो. पंप नुसता हुंं करतोय आणि पाणी जात नाही म्हणजे पातं अडकलंय किंवा पुढचा रस्ता बंद आहे. खडखड म्हणजे आत काहीतरी कडक वस्तू फिरतेय. काहीच आवाज नाही म्हणजे पंपापर्यंत करंट येत नाही किंवा पंपच गेलाय.

टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिकवाल्यांनी मात्र एक गोष्ट आधी बघा. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये पंप नसतोच, खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उतारानेच जातं, त्यामुळे पाइप जमिनीलगत पाहिजे. तो उंबऱ्यावरून नेला, बेसिनमध्ये टाकला की पाणी चढणार कसं? व्हॉल्व्हमध्ये धागे अडकले तरी तो नीट उघडत नाही, आणि नीट बंद झाला नाही तर भरतानाच पाणी निघून जात राहतं. पंपवाल्या फ्रंट लोडचं बरोबर उलटं, तिथे पाइपाचं तोंड साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर लागतं (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा), फार खाली ठेवलं तर पाणी भरता भरताच बाहेर ओढलं जातं. भिंतीतल्या पाइपात तो फार खोल कोंबू नका आणि तोंड टेप लावून बंद करू नका, हवा जायला जागा लागते.

नवीन जोडणीत मशीन पहिल्याच दिवसापासून पाणी सोडत नसेल आणि पाइप सिंकखालच्या फिटिंगला जोडला असेल तर त्या तोंडाला आतून प्लास्टिकचा पडदा असतो, तो कापायचा राहून गेला असेल. आणि ड्रममध्ये फेसच फेस दिसत असेल तर पावडर जास्त झालीये, पंपाला फेस ओढता येत नाही, थोडा वेळ बसू द्या, मग पावडर न टाकता एक रिन्स लावा.

जळका वास, सारखा ट्रिप होणारा स्विच, मशीनखालून येणारं पाणी, यातलं काही असेल तर प्लग काढून ठेवा आणि मशीन स्वतः उघडू नका. मेकॅनिकला बोलावताना कोड काय येतो, पंपाचा आवाज कसा येतो, पाइप खाली सोडल्यावर पाणी आलं का आणि फिल्टरमध्ये काय सापडलं हे चारही सांगा, म्हणजे तो बरोबर पार्ट घेऊनच येईल.