आधी डीव्हीआरचं घड्याळ जुळवा: कंट्रोल रूमला सायबर धोक्याची चाहूल लवकर लागण्यासाठी

मी जळगाव धुळे पट्ट्यात नेटवर्क आणि कॅमेऱ्यांच्या मेंटेनन्सचं काम करतो, त्यामुळे सरकारी कंट्रोल रूम आतून बऱ्याच बघितल्यात. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून फोन आला, यात्रेचा दिवस होता, कॅमेरे अडकत अडकत चालत होते. सगळे म्हणत होते उन्हामुळे झालं, ४४ डिग्रीत मशीन तरी काय करणार. जाऊन बघितलं तर डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) बसवला तेव्हापासून कंपनीचाच पासवर्ड होता, तो थेट इंटरनेटवर उघडा होता आणि बाहेरचं कुणीतरी तो वापरत होतं. कधीपासून, ते काढायला आम्हाला दोन दिवस लागले, कारण डीव्हीआरचं घड्याळ १७ मिनिटं मागे, राउटरचं बरोबर आणि ऑफिसच्या पीसीचं तिसरंच, एकाचा लॉग (कधी काय झालं याची मशीनने आपोआप ठेवलेली नोंद) दुसऱ्याशी जुळेचना. तेव्हापासून मी कुठंही गेलो की पहिले घड्याळ बघतो.

हे लिहितोय ते पोलीस ठाण्यात कॉम्प्युटर बघणारे अंमलदार, नगरपालिकेची आयटीवाली मुलं, अग्निशमन आणि आपत्ती कक्षातले लोक यांच्यासाठी. महागडं सॉफ्टवेअर नंतर बघू, खाली जे सांगतोय त्यातलं बहुतेक बिनपैशाचं आहे.

यादी करा, पण शेवटचा रकाना विसरू नका

एक जाड रजिस्टर घ्या. कोणतं मशीन, कुठं ठेवलंय, आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) काय, पासवर्ड कुणाकडे, बसवणारा ठेकेदार कोण, त्याने दुरून मशीन उघडायचं एखादं अ‍ॅप टाकून ठेवलंय का (बऱ्याच ठिकाणी टाकलेलं असतं आणि ते कायम चालू असतं). एवढं सगळे लिहितात. शेवटचा रकाना कुणी करत नाही: हे बंद पडलं तर रस्त्यावर काय थांबेल? धोक्याचा खरा अंदाज या रकान्यातूनच येतो. जानेवारी २०१७ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या पोलिसांच्या १८७ कॅमेरा रेकॉर्डरपैकी १२३ रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) अडकले, राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी आठवड्यावर आलेला. मशीन तीच, साधी रेकॉर्डिंगची, पण तारीख बघा कोणती.

यादीत फक्त कॉम्प्युटर नकोत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात मध्यरात्रीच्या सुमारास इशाऱ्याचे १५६ भोंगे एकदम वाजायला लागले, तेही रेडिओ सिग्नलवरून, आणि घाबरून लोकांनी आपत्कालीन नंबरवर ४,००० च्या वर फोन केले. म्हणजे वायरलेस सेट, भोंगे, चौकातले स्पीकर पण लिहा. आपल्याकडे पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना निरोप जातात, त्यातले कितीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा मोबाईल हेसुद्धा आपलं यंत्र आहे भाऊ. तो फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर खोटा निरोप खऱ्या ग्रुपवरून जाईल आणि लोक विश्वास ठेवतील. म्हणून त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच लावा आणि लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी काही दिसतंय का ते दर सोमवारी बघा.

घड्याळ

सर्ट-इनचा (सायबर हल्ल्यांकडे बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, त्यात सरकारी कार्यालयंही येतात. सगळ्या मशीनची वेळ एनआयसी (सरकारी कॉम्प्युटर सेवा देणारी संस्था) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) टाइम सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची. आता अडचण अशी की डीव्हीआर इंटरनेटला जोडायचाच नसतो (आणि जोडू नकाच), मग तो वेळ घेणार कुठून? तर ऑफिसमधलं एक मशीन किंवा चांगला राउटर बाहेरून वेळ घेईल आणि आतले सगळे त्याच्याकडून घेतील, ठेकेदाराला सांगितलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

फरक किती आहे यावरून कारण कळतं. बरोबर अडीच तासांचा फरक दिसला तर टाइमझोन चीनचा राहिलाय, प्लस ८ चा, तो प्लस साडेपाच करा. लाइट गेली आली की तारीख थेट २००० सालावर किंवा १९७० वर जात असेल तर आतला सीआर २०३२ सेल संपलाय, कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. आणि रोज थोडं थोडं मागे पडत असेल तर टाइम सर्व्हरवरून वेळ घ्यायची सेटिंग झालेलीच नाही.

पण एखादा गुन्हा घडलाय आणि त्या मशीनमधलं फुटेज पुरावा म्हणून लागणार आहे तर घड्याळाला हात लावू नका. स्क्रीन आणि शेजारी मोबाईलची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक पंचनाम्यात लिहा, फुटेज काढून हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश द्यावा लागतो.

लॉग

सर्ट-इनच्या त्याच आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मूळ सेटिंगवर फार लहान असतो, गडबडीच्या मशीनवर काही दिवसांतच जुनं पुसून नवं लिहितो. त्याची साइज वाढवा आणि जमलं तर सगळे लॉग वेगळ्या एका मशीनवर पाठवा, वाझू नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यासाठी पुरतं. वेगळं मशीन का, तर आत शिरलेला माणूस जाताना लॉग पुसतो.

सुरुवातीला विंडोजच्या लॉगमधले चारच नंबर पाठ करा. ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं, ४६२४ म्हणजे जमलं, ४७२० म्हणजे नवीन युजर तयार झाला, ११०२ म्हणजे लॉग पुसला. रात्री दोन वाजता ४६२५ च्या शंभर ओळी आणि त्याखाली एक ४६२४ दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. आणि ११०२ दिसला आणि कुणीच सांगत नाही की मी पुसला, तर तो खराच धोका समजा.

रोजचं चित्र माहीत पाहिजे

रावेर यावलकडे केळीच्या बागेत करप्याचा ठिपका कुणाला आधी दिसतो? रोज बागेत फिरतो त्याला. दोन आठवडे रोज सकाळी दहा मिनिटं बसून नोंद करा, रात्री बाहेर किती डेटा जातो, किती लॉगिन फसतात, कोणते कॅमेरे नेहमी बंद असतात. हेच तुमचं माप. मग एखादं मशीन रात्री तीन वाजता चौपट डेटा बाहेर पाठवत असेल तर लगेच लक्षात येतं. शेजारी कॅलेंडर टांगा, कारण सारंगखेड्याची यात्रा, जळगावचा रथ, गणपती विसर्जन या दिवशी लोड खरोखरच वाढतो आणि तेव्हा उगाच धावाधाव होते. उलट खरा घुसणारा पण असाच दिवस निवडतो, म्हणून त्या दिवशी लॉग बघायला एक माणूस बंदोबस्तातून मोकळा ठेवा, हे साहेबांना आधीच पटवून ठेवा.

नुसतं दिसून उपयोग नाही

मिका एंडस्ली या संशोधक बाईंनी १९९५ मध्ये परिस्थितीच्या भानाच्या तीन पायऱ्या मांडल्या: काय घडतंय ते दिसणं, त्याचा अर्थ लागणं, पुढं काय होईल ते ओळखणं. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर थांबतो. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना मारून टाकलं. तसे मेसेज त्याआधी राज्यात ठिकठिकाणी फिरत होते, लोकांच्या मोबाईलमध्ये होते. कुणी काही हॅक केलं नव्हतं, तरी जीव गेले, म्हणून मी अफवेलाही सायबर धोक्याच्याच वहीत लिहायला सांगतो.

यासाठी कंट्रोल रूममध्ये एकच फळा ठेवा, कॅमेऱ्यांचा वेगळा, वायरलेसचा वेगळा, सोशल मीडियाचा वेगळा असं नको. रकाने असे: वेळ, काय दिसलं, कुणी सांगितलं, खात्री झाली का, पुढं काय बिघडू शकतं. दिसलं आणि वाटतं हे वेगळं लिहा, "सर्व्हर हॅक झाला" असं लिहू नका, "१०:४० पासून सर्व्हर उघडत नाही" असं लिहा. पोलीस पाटलांना एक नंबर द्या आणि सांगा, मेसेज फॉरवर्ड नका करू, कोणत्या गावात, कधी, काय ऐकलं तेवढं कळवा. एकच अफवा एका दिवसात तीन गावांतून आली आणि उद्या तिथला बाजार असेल तर गाडी आजच गेली पाहिजे. खुलासा करायचा तर कागदी मराठीत पत्रक काढून भागत नाही, अहिराणीत, पावरीत, भिलीत ओळखीच्या माणसाच्या आवाजात ऑडिओ पाठवा. "काय जयं रे भाऊ" असा आवाज आला की लोक ऐकतात.

सापडलं तर

नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद करू नका, मेमरीतलं सगळं जातं. फॉरमॅट तर अजिबात नाही, ठेकेदाराला पहिले हेच सुचतं, त्याला थांबवा. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं, त्यामुळे कोण कळवणार त्याचं नाव आजच ठरवा. पैशाची फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच. शेजारच्या ठाण्याला, पालिकेला पण सांगा, लाजू नका, तोच पासवर्ड त्याच ठेकेदाराने त्यांच्याकडे पण ठेवलेला असू शकतो.

आणि दर तीन महिन्यांनी अर्धा तास सगळे स्क्रीन बंद ठेवून काम करून बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर हल्ला झाला तेव्हा कितीतरी दिवस कामं हाताने करावी लागली होती. कॉल कागदावर कसा घ्यायचा, गाडी वायरलेसवर कशी पाठवायची, अग्निशमनचा, सिव्हिलचा, धरणाच्या कंट्रोल रूमचा नंबर कुठं लिहिलाय. मी एका ठिकाणी हा सराव घेतला तर सगळे नंबर बंद केलेल्या पीसीतच होते. आता तिथं ते नंबर भिंतीवर आहेत, लॅमिनेट करून, मोठ्या अक्षरात, वायरलेस सेटच्या बरोबर वर.