मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर इंडिकेटर एलईडी कसा लावावा

इंडिकेटर एलईडी दिसण्यापुरता हवा, उजेड पाडण्यासाठी नव्हे. "एलईडीला २० मिलिॲम्पिअर द्या" हा सल्ला मंद एलईडींच्या काळातला आहे, तो सोडून द्या. आजच्या लाल-पिवळ्या एलईडीला २ ते ४ मिलिॲम्पिअर भरपूर होतात. निळ्या, पांढऱ्या आणि गडद हिरव्याला बहुतेक वेळा एकच मिलिॲम्पिअर पुरतो.

१. पिनची मर्यादा बघा. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपच्या डेटाशीटमधले (उत्पादकाच्या माहितीपत्रकातले) ४० मिलिॲम्पिअर वाचून लोक खूश होतात. तो आकडा चिपला इजा होण्याची सीमा सांगतो, रोज वापरायचा नाही. शिवाय सगळ्या पिना मिळून सप्लायच्या पिनेवर २०० मिलिॲम्पिअरची वेगळी मर्यादा आहे. आरपी२०४०मध्ये तर सगळ्या पिनांची बेरीज ५० मिलिॲम्पिअरच्या आत ठेवावी लागते. ईएसपी८२६६ची एक पिन १२ मिलिॲम्पिअरपर्यंतच. एसटीएम३२एफ१०३च्या पीसी१३, पीसी१४ आणि पीसी१५ या पिनांनी फक्त ३ मिलिॲम्पिअर आत ओढावेत. त्यांच्यातून बाहेर करंट देऊन एलईडी पेटवू नये, असं डेटाशीटच बजावतं.

२. दिशा ठरवा. पिनेतून रेझिस्टर, एलईडी आणि ग्राउंड, किंवा सप्लायपासून एलईडी, रेझिस्टर आणि पिन. आजच्या बहुतेक चिपांवर दोन्ही चालतं. जुन्या ८०५१ घराण्यातल्या चिपांवर मात्र यातली दुसरी, सप्लायच्या बाजूची पद्धतच वापरा, कारण तिथली पिन 'हाय' (सप्लायच्या पातळीला; 'लो' म्हणजे ग्राउंडच्या पातळीला) असताना जेमतेम काही मायक्रोॲम्पिअर देते. ईएसपी८२६६वर सुरू होण्याच्या वेळची अटही पाळायला हवी: जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुट पिना) ० आणि २ हाय, जीपीआयओ१५ लो. जीपीआयओ०वरून ग्राउंडकडे लाल एलईडी लावला तर तो पिन खाली खेचतो आणि चिप प्रोग्राम चालवायचं सोडून लोडिंगच्या अवस्थेत जाऊन बसते. ० आणि २ या पिनांवर एलईडी ३.३ व्होल्टच्या बाजूने लावा, १५वर ग्राउंडच्या बाजूने.

३. लाल, पिवळ्यासाठी रेझिस्टर. ५ व्होल्टवर १ किलोओहम, ३.३ व्होल्टवर ४७० ओहम. दोन्हीकडे साधारण ३ मिलिॲम्पिअर येतात. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. एकाच रेझिस्टरवर तीन एलईडी समांतर जोडले की ज्याचं व्होल्टेज कमी तो बहुतेक करंट ओढतो.

४. निळा, पांढरा, गडद हिरवा आणि ३.३ व्होल्टची पिन. खरी अडचण इथे आहे. एलईडीवर ३.२ व्होल्ट लिहिलेले असतात, सप्लाय ३.३. रेझिस्टरच्या सूत्रात (सप्लाय वजा एलईडीचं व्होल्टेज, भागिले करंट) टाकलं की ०.१ व्होल्ट भागिले २० मिलिॲम्पिअर, म्हणजे ५ ओहम येतात. मग कोणीतरी सांगतं, एवढ्यासाठी रेझिस्टर कशाला, थेट जोडा. थेट जोडू नका.

थेट जोडलेला एलईडी जळत नाही, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. तिथे करंट अडवण्याचं काम पिनेच्या आतला ट्रान्झिस्टर करत असतो. त्याचा रोध काही दहा ओहमांचा, पण तो चिपनुसार, तापमानानुसार आणि सप्लायनुसार बदलतो. त्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यातच एकाच पाकिटातल्या दोन निळ्या एलईडींमध्ये ०.१ ते ०.२ व्होल्टचा फरक सहज असतो. उरलेलं व्होल्टेजच ०.१ असेल, तर या फरकाने करंट कितीतरी पटींनी हलतो. एक एलईडी डोळ्यांत घुसतो, शेजारचा मिणमिणतो, आणि बॅटरी जराशी उतरली की दोन्ही मंदावतात.

उपाय उलट दिशेने शोधावा. ३.२ व्होल्ट हा आकडा २० मिलिॲम्पिअरचा आहे. तुम्हाला तेवढा करंट नकोच आहे. हातातला एलईडी ५ व्होल्टला २.२ किलोओहममधून जोडा आणि त्याच्या दोन पायांमधलं व्होल्टेज मोजा. तिथे सुमारे १ मिलिॲम्पिअर वाहतो आणि मीटर २.६५च्या आसपास दाखवतो. आता ३.३ वजा २.६५ म्हणजे ०.६५ व्होल्ट उरले, रेझिस्टर ६८० ओहम. एलईडी ०.१ व्होल्टने वेगळा निघाला तरी करंट फार तर १५ टक्क्यांनी हलतो, आणि तो फरक डोळ्याला कळत नाही.

एवढ्याने प्रकाश कमी पडत असेल किंवा सप्लाय ३ व्होल्टच्या खाली जाणार असेल, तर ५ व्होल्टची वेगळी लाइन घ्या आणि मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाका (त्याचे तीन पाय: बेस, एमिटर, कलेक्टर): पिनेपासून बेसला १० किलोओहम, एमिटर ग्राउंडला, ५ व्होल्टपासून १ किलोओहम आणि एलईडी कलेक्टरला. एलईडीला २ मिलिॲम्पिअर मिळतात, पिनेवर पाव मिलिॲम्पिअरचाच भार.

ट्रान्झिस्टर वाचवायला ५ व्होल्टवरचा एलईडी सरळ ३.३ व्होल्टच्या पिनेने ओढू नका. निळ्यावर हे खपून जातं, कारण पिन हाय असताना उरलेल्या १.७ व्होल्टवर निळा पेटत नाही. पुढे कोणी त्याच जागी लाल लावला, की तो 'बंद' असतानाही अंधूक पेटलेला दिसतो. रिसेटच्या वेळी पिन मोकळी असते, म्हणजे हायही नाही आणि लोही नाही. तेव्हा लाल एलईडीमधून तिच्यावर ३.३पेक्षा जास्त व्होल्टेज चढतं आणि चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून करंट शिरू लागतो.

५. कोड. एलईडी सप्लायच्या बाजूने असेल तर आधी पिनेवर हाय लिहा, मग तिला आउटपुट करा. उलट क्रमाने केलं तर सुरू होताना एलईडी क्षणभर चमकतो.

६. मोजा. करंट मोजायला सर्किट तोडायची गरज नाही. रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून ओहमने भागा. १ किलोओहमवर जितके व्होल्ट तितके मिलिॲम्पिअर. मग एलईडी पेटलेला असताना पिनेचं व्होल्टेज बघा. हाय पिन सप्लायपेक्षा ०.४ व्होल्टहून जास्त खाली आली असेल, किंवा लो पिन ग्राउंडपासून तेवढी वर उचलली असेल, तर पिनेवर भार जास्त आहे. रेझिस्टर वाढवा किंवा ट्रान्झिस्टर घाला.