‘रायझिंग फोर्स’ ऐकायचा कसा?

इंग्वे माल्मस्टीन या स्वीडिश गिटारवादकाचा ‘रायझिंग फोर्स’ हा पहिला एकल अल्बम १९८४ साली आला. तेव्हा तो जेमतेम विशीत होता. पुढे ज्याला निओक्लासिकल मेटल म्हणू लागले, त्या शैलीची घडी खऱ्या अर्थाने बसवली ती या अल्बमने. डीप पर्पल या रॉक बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याने बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या वळणाची वाक्यं रॉकमध्ये आधीच आणली होती, पण अख्खा अल्बम त्याच भाषेत बोलतोय असं इथे झालं.

अडचण होते ती वेगाची. नवा श्रोता दोन मिनिटं थक्क होतो, तिसऱ्या मिनिटाला दमतो आणि ‘नुसती बोटांची कसरत’ म्हणून बंद करतो. मला हा अल्बम फार प्रिय आहे, आणि तो त्यातल्या चालींसाठी. त्या चाली कानात बसाव्यात म्हणून हा क्रम सुचवतो.

१. आधी स्वर हाताखालून घाला

घरात पेटी असेल तर उघडा. पांढरी तीनला सा धरा आणि सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, शुद्ध नी असे स्वर सावकाश वाजवा. काळ्या पट्ट्या दोनच लागतील, रे आणि नी. रागसंगीत ऐकणाऱ्यांना कीरवाणी लगेच ओळखू येईल. पाश्चात्त्य संगीतात याच सप्तकाला हार्मोनिक मायनर म्हणतात. कोमल ध आणि शुद्ध नी यांच्यातलं दीड स्वराचं अंतर दोन-चारदा वर-खाली करून बघा. या अल्बमची सगळी आर्तता त्या उडीत आहे.

आता पट्ट्या त्याच ठेवून पंचमाला सा माना. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी असं सप्तक तयार होतं, म्हणजे बसंत मुखारीचे स्वर. माल्मस्टीन या दोन सप्तकांत सतत ये-जा करतो. चाल अचानक गडद झाली की समजावं, मुक्काम पंचमावर हलला.

अर्थात हा राग नव्हे. खाली कॉर्ड बदलत असतात, चलन-पकड नावाची गोष्ट नसते. स्वर ओळखीचे झाले, एवढंच आपल्याला हवं.

२. ‘ब्लॅक स्टार’ ऐका, आणि तेवढंच

अल्बममधल्या या तुकड्यात सुरुवातीला साधी, वीज न जोडलेली गिटार येते, मग संथ मुख्य चाल. ती गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नका. इथे सुराची सुरुवात ऐकण्यापेक्षा सुराचा शेवट ऐका. लांबवलेला प्रत्येक सूर आधी सरळ उभा राहतो आणि मग रुंद आंदोलन घेतो. त्यामागे वाद्याची खास बांधणी आहे. माल्मस्टीनच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं. बोटाला तारेखाली लाकूड लागत नाही, त्यामुळे तार हलक्या दाबाने हवी तशी ओढता येते. सतारीचे उंच पडदे मींडेला जी मोकळीक देतात, तशीच ही.

३. मूळ संगीत शेजारी ठेवा

‘इकारस ड्रीम स्वीट’ हा अल्बममधला सर्वांत लांब तुकडा, साडेआठ मिनिटांचा. तो लावण्याआधी ‘अल्बिनोनीचं अदाजिओ’ म्हणून प्रसिद्ध असलेली रचना ऐका. ती अल्बिनोनीच्या नावावर असली तरी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली रेमो जाझोत्तो या इटालियन अभ्यासकाने, आणि ती बहुतांशी त्याचीच मानली जाते. मग ‘इकारस’ लावा. तीच शोकाकुल चाल गिटारवर येते तेव्हा व्हायोलिनच्या गजाचा दीर्घ श्वास त्याने तारेवर कसा पकडलाय ते कळतं. माझ्या मते अल्बमचं शिखर हेच आहे.

‘ईव्हिल आय’च्या आरंभी योहान क्रीगर या बरोक काळातल्या संगीतकाराच्या ‘बुरे’ नावाच्या नृत्यरचनेचा भाग आहे. ते मूळही ऐकून ठेवा. आणि पागानिनी या व्हायोलिनवादक-संगीतकाराच्या ‘२४ कॅप्रिस’ या व्हायोलिनच्या रचनांपैकी निदान पाचवं आणि चोविसावं. टीव्हीवर व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमरला पागानिनी वाजवताना पाहून आपली दिशा ठरली, असं माल्मस्टीन सांगत आलाय. व्हायोलिनला शक्य ते गिटारला का नको, हा त्याचा हट्ट तिथून सुरू होतो.

४. आता वेगाकडे वळा

‘फार बियाँड द सन’ घ्या. आधी एकदा पूर्ण ऐका, मग प्लेअरचा वेग अर्ध्यावर आणा. पाऊस वाटणाऱ्या जागी सुटी वाक्यं दिसू लागतील. एक छोटी आकृती घ्यायची, ती एकेक पायरी सरकवत वर न्यायची आणि माथ्यावर एक लांब सूर धरायचा. तिथे थांबून विचारा, हा सूर सा आहे, पंचम आहे की नी? नी असेल तर तो पुढे सा वर जाणारच, आणि तुम्ही त्याची वाट पाहू लागाल. वाट पाहू लागलात की वेगाचा धाक संपला.

काही जागी स्वरांचा झपाटा आणखी निराळा लागतो. तिथे उजव्या हाताची पिक तार-तार सुटी छेडत नाही. एकाच दिशेने सगळ्या तारांवरून ढकलली जाते आणि डावा हात प्रत्येक सूर लगेच दाबून मोकळा करतो. याला स्वीप पिकिंग म्हणतात. सूर एकमेकांत मिसळू न देणं हीच त्यातली खरी कठीण गोष्ट.

वेग पूर्ववत करून येन्स योहानसनचा कीबोर्ड ऐकायला विसरू नका. तो गिटारला उत्तर देतो, आणि तोडीस तोड देतो. ड्रम्सवर जेथ्रो टल या रॉक बँडमध्ये वाजवलेला बॅरिमोर बार्लो आहे, तर बेस स्वतः माल्मस्टीनने वाजवलाय.

५. गाणी शेवटी

आठांपैकी फक्त दोन तुकड्यांत गायन आहे, ‘नाउ युअर शिप्स आर बर्न्ड’ आणि ‘अॅज अबव्ह, सो बिलो’. जेफ स्कॉट सोटो तेव्हा विशीतही नव्हता, तरी आवाज दमदार लागलाय. शब्द मात्र बेताचे आहेत; त्यात अर्थ शोधत बसू नका.

६. मग सलग

सुमारे चाळीस मिनिटांचा अल्बम आहे. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर बेस उरतच नाही. क्रम बदलू नका. शेवटचा ‘फेअरवेल’ मिनिटभराचाही नाही, तोही ऐका.

आवडला तर पुढे १९८६ चा ‘ट्रिलॉजी’, मग जेसन बेकर या गिटारवादकाचा १९८८ चा ‘पर्पेच्युअल बर्न’. बेकरकडे जाण्याआधी पेटीवरचा कीरवाणी पुन्हा एकदा वाजवून घ्या.