बोरीच्या वाळूतले पाणी : रडार उपग्रहांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

अमळनेरजवळच्या आमच्या गावात बोरी नदीचे पात्र मे महिन्यात कोरडे ठणठणीत असते. पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षी मी सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाच्या प्रतिमेवरून पाण्याचा नकाशा तयार केला, त्यात याच पात्राचा लांबलचक पट्टा निळा रंगवला आणि सुट्टीत मोठ्या कौतुकाने काकांना दाखवला. त्यांनी आधी लॅपटॉपकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, "आठे पानी कोठे शे, भाऊ?" संध्याकाळी त्या पट्ट्यात मुले क्रिकेट खेळत होती. रडारची लहर गुळगुळीत पृष्ठभागावरून पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परतत नाही, म्हणून संथ पाणी काळे दिसते, एवढे मी पाठ केले होते. कोरडी वाळूही जवळपास तितकीच काळी दिसू शकते, हे वर्गात सांगितले गेले असेल तर मी ऐकले नव्हते.

तरीही खानदेशात खरिपाचा अभ्यास करायचा तर रडारला पर्याय नाही, कारण कपाशी वाढत असते त्या जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले राहते आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांखेरीज फारसे काही दिसत नाही.

या क्षेत्रात येणाऱ्याने एक गोष्ट लवकर समजून घ्यावी : वेगवेगळ्या देशांचे उपग्रह एकमेकांना पूरक ठरतात, पण आपोआप नव्हे. जमीन किती सेंटिमीटर खचली हे मोजायला दोन वेगवेगळ्या दिवशीच्या प्रतिमा एकमेकींतून वजा करतात, आणि त्यासाठी दोन्ही प्रतिमा त्याच तरंगलांबीच्या, जवळजवळ त्याच कक्षेतून आणि त्याच कोनातून घेतलेल्या असाव्या लागतात. जर्मनीच्या टेरासार-एक्सच्या कक्षेतच २०१८ मध्ये स्पेनचा पाझ सोडला गेला, म्हणून त्याच जागेच्या दोन प्रतिमांमधले अकरा दिवसांचे अंतर चार आणि सात दिवसांत विभागले गेले. याउलट इटलीचे कॉस्मो-स्कायमेड सुमारे ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या एक्स पट्ट्यात (बँडमध्ये) पाहतात आणि अर्जेंटिनाचे साओकोम सुमारे २३ सेंटिमीटरच्या एल पट्ट्यात. या दोन देशांनी आपली मोहीम एकत्र बांधली ती प्रतिमा एकमेकींतून वजा करण्यासाठी नव्हे; एकाला पिकाचा वरचा पानोळा दिसावा आणि दुसऱ्याला त्याखालची माती व खोडे कळावीत, यासाठी.

नासा आणि इस्रो यांचा संयुक्त रडार उपग्रह निसार हे आपल्या जवळचे उदाहरण. २०१४ मध्ये करार झाला आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उड्डाण झाले. एल पट्ट्याचे रडार आणि १२ मीटर व्यासाचा परावर्तक नासाचा. एस पट्ट्याचे रडार, उपग्रहाचा मूळ सांगाडा आणि प्रक्षेपण इस्रोचे. दोन्ही रडार एकाच परावर्तकातून, दर बारा दिवसांनी, तीच जमीन पाहतात. अशी जोडणी यंत्रे तयार झाल्यावर करता येत नाही, ती आराखड्यातच ठरवावी लागते. अकरा वर्षे कुठे गेली असतील याचा थोडा अंदाज त्यावरून यावा.

भागीदारीची किंमत मात्र उपग्रह बंद पडल्यावर कळते. २३ डिसेंबर २०२१ रोजी सेंटिनेल-१ च्या जोडीतल्या १बी चा वीजपुरवठा बिघडला आणि युरोपात सहा दिवसांनी येणाऱ्या प्रतिमा बारा दिवसांवर गेल्या. त्याची जागा घेणारा १सी डिसेंबर २०२४ मध्ये वर गेला. आपला प्रकल्प एकाच स्रोतावर बेतण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे. परवानाही आधी वाचावा, कारण सेंटिनेलची माहिती सर्वांना मोफत आहे, तर कॉस्मो-स्कायमेड नागरी आणि लष्करी अशा दुहेरी वापराची व्यवस्था असल्याने तिथे तशी मोकळीक नाही. माझ्या एका सहकाऱ्याचे तीन महिन्यांचे काम केवळ या कारणाने प्रसिद्ध होऊ शकले नाही.

अभ्यासाची सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नये, असे माझे मत आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे स्नॅप हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि आठवड्याभरात हाताखाली येते. अडते ते संमिश्र संख्या आणि तरंगाची कला (फेज) यांवर. डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन वर्ग त्यासाठी उपयोगी आहेत. असेंडिंग (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि डिसेंडिंग (उत्तरेकडून दक्षिणेकडे) फेऱ्यांची सरमिसळ तर करूच नये : सेंटिनेलची एक फेरी पहाटे सहाच्या सुमारास येते, तेव्हा पिकावर दव असू शकते, आणि दुसरी संध्याकाळी, तेव्हा पाने बहुधा कोरडी असतात.

पहिला सराव म्हणून स्वतःच्या गावची मे आणि ऑगस्टची, एकाच फेरीची, प्रतिमा घ्यावी आणि काळा दिसणारा प्रत्येक तुकडा पायी जाऊन पाहावा. माझ्या नकाशातला तो पट्टा मी अजून पुसलेला नाही. त्यावर आता पिवळ्या रंगात "वाळू" असे लिहिलेले आहे.